'टेन्शन' या एका शब्दात अडकलेली सिस्टर: नागपुरातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

तिला मी इथे सिस्टर म्हणते. वॉर्डात सगळे तिला तसंच हाक मारतात, आणि नाव सांगायचं नाही असं आमचं ठरलं आहे. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशीलही बदलले आहेत.

सिस्टर तिशी ओलांडलेली, नर्सिंगचा जीएनएम हा डिप्लोमा केलेली, धंतोलीतल्या एका खासगी हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डात सात वर्षं काम केलेली. शाळा मराठी माध्यमाची. धंतोली-रामदासपेठेत हॉस्पिटलांची दाटी आहे आणि तिथे पेशंट गोंदिया, गडचिरोली, यवतमाळहून येतात तसेच छिंदवाडा, बालाघाटहूनही येतात. म्हणजे दिवसभर तोंडात मराठी आणि हिंदी. इंग्रजी फाइलमध्ये लिहायची आणि राउंडच्या वेळी डॉक्टरांशी बोलायची, तीही बरीचशी औषधांच्या आणि तपासण्यांच्या नावांची.

तिला ब्रिटनमध्ये नोकरी करायची होती. तिथल्या नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीसाठी इंग्रजीचा पुरावा लागतो. त्यासाठी तिने आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठी असलेली ओईटी ही परीक्षा निवडली होती. ऐकणं, वाचणं आणि बोलणं यांत बी ग्रेड, म्हणजे ५०० पैकी किमान ३५०, आणि लेखनात सी प्लस, म्हणजे किमान ३००, अशी अट. पहिल्या प्रयत्नात बाकीचं सगळं निघालं. बोलण्यात ३२० आले.

या परीक्षेत बोलण्याच्या भागात दोन प्रसंग असतात. हातात कार्ड मिळतं, तयारीला तीन मिनिटं, मग साधारण पाच मिनिटं संवाद. समोरची व्यक्ती पेशंट किंवा नातेवाईक होते, परीक्षार्थी आपल्याच पेशात राहतो. गुण समोरची व्यक्ती देत नाही. रेकॉर्डिंग ऐकून परीक्षक नंतर देतात. उच्चार, ओघ, भाषेचा योग्य वापर आणि व्याकरण हे चार निकष भाषेचे. उरलेले पाच पेशंटशी बोलण्याच्या रीतीचे, आणि त्यांत पहिलाच आहे नातं जोडणं. पेशंटला काय वाटतंय हे ओळखलं का, ते त्याला कळू दिलं का, हे त्यात बघितलं जातं.

सिस्टर माझ्याकडे इंग्रजी बोलणं शिकायला आली ती एप्रिलच्या शेवटी, दुसऱ्या प्रयत्नाला नऊ आठवडे हातात ठेवून.

अडचण कुठे होती

पहिल्या दिवशी मी तिचं बोलणं रेकॉर्ड केलं. प्रसंग साधा होता: उद्या पित्ताशयाचं ऑपरेशन असलेली बाई भूल द्यायला घाबरते आहे. सिस्टरने माहिती अचूक दिली. उपाशी कधीपासून राहायचं, भूल कोण देतं, शुद्धीवर आल्यावर कुठे असाल, सगळं व्यवस्थित. पण भावनेचा विषय निघाला की एकच वाक्य यायचं: 'डोंट टेक टेन्शन, एव्हरीथिंग विल बी फाइन.' पाच मिनिटांत हे वाक्य चार वेळा आलं.

टेन्शन हा शब्द आपण मराठीत पार आपला करून टाकला आहे. परीक्षेचं टेन्शन, पैशाचं टेन्शन, पोरगं उशिरापर्यंत घरी आलं नाही त्याचं टेन्शन. इंग्रजीत मात्र टेन्शन म्हणजे मुख्यतः ताण: दोरीतला, स्नायूंतला, दोन माणसांच्या संबंधांतला. घाबरलेल्या पेशंटला 'टेन्शन घेऊ नका' हे त्या भाषेत म्हणतच नाहीत. तिच्याकडचे बाकीचे शब्द होते हॅपी, सॅड, अँग्री आणि बोअर. त्यातही 'मला बोअर होतंय' याचं ती 'आय अ‍ॅम बोअरिंग' करायची, म्हणजे 'मी कंटाळवाणी आहे'.

आणखी एक गोष्ट तिला छळत होती. ऐकण्याच्या सरावात डॉक्टर पेशंटला म्हणतो, 'आय अ‍ॅम अफ्रेड यू विल हॅव टू वेट.' सिस्टरने मला विचारलं, "मॅडम, थांबायचं पेशंटला आहे, तर डॉक्टर कायले घाबरून राहिला?" प्रश्न अगदी रास्त होता. नकोशी बातमी सौम्यपणे सांगायची इंग्रजीची ती पद्धत आहे, तिथे भीतीचा काही संबंध नाही. तसंच 'अँक्शस टू गो होम' म्हणजे घरी जायला उत्सुक, घरी जायची काळजी वाटणारा नव्हे. भावनेचा शब्द दिसला म्हणजे भावना असेलच असं नाही, हे कोणत्याही यादीत लिहिलेलं नसतं.

कोणते पर्याय होते

परीक्षा बदलण्याचा विचार तिनेच मांडला. आयईएलटीएस ही सर्वसाधारण इंग्रजीची परीक्षाही चालली असती. तिथे बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते आणि पेशंटची समजूत घालावी लागत नाही. पण बाकीचे तीन भाग ओईटीत निघालेले असताना सगळं नव्याने करायचं, हे मला पटलं नाही. शिवाय ती जाणार होती वॉर्डातच. घाबरलेला पेशंट तिथेही भेटणारच होता.

दुसरा पर्याय पाठ वाक्यांचा. आधीच्या क्लासमध्ये तिला अशी दोन पानं मिळाली होती. ती तिने घोकली होती, आणि कार्डावरचा पेशंट जरा वेगळं बोलला की गाडी अडायची.

तिसरा पर्याय यादीचा. आणि इथे चूक माझी आहे, ती लपवत नाही. मी तिला बहात्तर शब्दांची यादी दिली. भीतीचे सगळे एका गटात: वरीड, नर्व्हस, अँक्शस, स्केअर्ड, अफ्रेड, फ्रायटन्ड, टेरिफाइड. रागाचे दुसऱ्या गटात. प्रत्येकासमोर मराठी अर्थ. दहा दिवसांनी विचारलं तर तिला जवळजवळ सगळे शब्द ओळखता येत होते, पण एकही वापरता येत नव्हता. काळजी म्हणजे वरीड की अँक्शस? भीती म्हणजे स्केअर्ड की अफ्रेड? यादीत मीच अर्ध्या शब्दांपुढे 'भीती वाटणे' लिहिलं होतं.

जवळच्या अर्थाचे नवे शब्द एकत्र शिकले की ते एकमेकांत मिसळतात, हे काही नवं नाही. टिंकहॅम या संशोधकाने १९९३ मध्ये आणि वॉरिंगने १९९७ मध्ये हेच दाखवलं होतं: एकाच गटातले शब्द एकदम शिकवले तर लक्षात ठेवायला जास्त वेळ लागतो. मी हे वाचलेलं होतं. तरीही यादी दिली, कारण यादी दिली की शिकवल्यासारखं वाटतं.

भावनांचं चक्रही मी तिच्यापुढे ठेवून पाहिलं. प्लुचिक या मानसशास्त्रज्ञाने १९८० मध्ये आठ मूळ भावना मानून त्यांच्या सौम्य आणि तीव्र छटा एका फुलासारख्या आकृतीत मांडल्या. आकृती सुंदर आहे. आपल्याकडे नाट्यशास्त्रात आठ स्थायीभाव, म्हणजे टिकून राहणारे, आणि तेहतीस व्यभिचारी भाव, म्हणजे येऊन-जाऊन असणारे, मोजलेले आहेत, तेव्हा अशी मोजदाद आपल्याला परकी नाही. पण नाइट करून आलेल्या माणसाला चक्र फक्त रंगीत दिसतं. त्यातून एकच गोष्ट आम्ही उचलली: भावनेला तीव्रता असते आणि तीव्रतेप्रमाणे शब्द बदलतो.

वळण

तिसऱ्या आठवड्यात ती ड्यूटीवरून थेट आली आणि सहज म्हणाली, "आज एक आजी सकाळपासून म्हणे, जीव घाबरते, जीव घाबरते." मी विचारलं, मग फाइलमध्ये काय लिहिलंस?

ती जे बोलली ते मी जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं: "ते पाहावं लागते ना मॅडम. जीव घाबरते म्हणजे कधी छातीत धडधड होते, कधी मळमळ राहते, कधी श्वास पुरत नाही, अन् कधी काहीच नसते, पोरगा भेटाले आला नाही म्हणून तसं होते. मी पहिले नाडी पाहतो, बीपी पाहतो, मग बाजूला बसून विचारतो, घरचं कोणी येऊन गेलं का."

ज्या बाईला मी शब्द कमी आहेत म्हणत होते, ती एका वाक्प्रचाराच्या चार छटा नाडीवर बोट ठेवून वेगळ्या करत होती. पेशंटची भावना ओळखण्यात ती माझ्या कितीतरी पुढे होती. घोटाळा वाटेत होता. ती मनातली बारीक मराठी छटा आधी 'टेन्शन'मध्ये ओतायची आणि मग टेन्शनचं इंग्रजी शोधायची. ती छटा तिथेच हरवत होती.

त्या संध्याकाळी मी यादी परत घेतली.

काय केलं

रोज ड्यूटी संपली की तिने मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हॉइस मेसेज पाठवायचा: आज पाहिलेल्या एका माणसाची मनःस्थिती, तिच्याच बोलीत, तीन-चार वाक्यांत. नाव नाही, बेड नंबर नाही, आजार सांगायची गरज नाही. हा नियम मी पहिल्याच दिवशी घातला आणि तिने तो कधी मोडला नाही. मेसेजमध्ये इंग्रजी बोलायचं नाही, हाही नियम होता. त्याला ती आधी बिचकली. इंग्रजी शिकायला पैसे देऊन मराठी बोलायचं, हे तिला विचित्र वाटत होतं.

मग वर्गात त्या प्रसंगाला आम्ही तीन प्रश्न विचारायचो. कशाची? पुढची की मागची? किती? तिसऱ्याचं उत्तर तिच्या हातात तयार होतं. दुखणं मोजायला नर्स शून्य ते दहा अशी पट्टी रोजच वापरते. तीच आम्ही भावनेला लावली. उद्या टाके काढायचेत म्हणून थोडी धाकधूक, ती तीन, तिथे नर्व्हस. तपासणीचा रिपोर्ट काय येईल हे डोक्यातून जात नाही, ती वरीड. विशिष्ट कारण सांगता येत नाही किंवा कारण आहे पण दिवसरात्र घोर लागून आहे, झोप नाही, तिथे अँक्शस. सुई दिसली की हात मागे घेतो, तो स्केअर्ड. ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरवर बोलतीच बंद झाली, नऊ, तिथे टेरिफाइड. हे आकडे आमचे, कामापुरते. इंग्रजी बोलणारे असे मोजून बोलत नाहीत. पण तिला पहिल्यांदा या शब्दांमध्ये अंतर दिसलं.

एका आठवड्यात दोनच नवे शब्द, आणि दोन्ही वेगवेगळ्या गटांतले. नर्व्हसबरोबर रिलीव्ड घेतला, कारण रिपोर्ट चांगला आला आणि जीव भांड्यात पडला हा प्रसंग तिने त्याच आठवड्यात पाहिला होता. फ्रस्ट्रेटेड आला तो तीन तास डिस्चार्ज अडकलेल्या एका नातेवाइकामुळे. तिने त्याला 'लय तापलेला' म्हटलं होतं. मी विचारलं, कोणावर? ती थोडं थांबून म्हणाली, "कोणावरच नाही. त्याच्या हातात काही नव्हतं, म्हणून." तेवढ्यावर फ्रस्ट्रेटेडचा अर्थ पूर्ण झाला, मला काही सांगावं लागलं नाही. ओव्हरव्हेल्म्ड, म्हणजे एकदम इतकं अंगावर आलं की काही सुचेना, हा शब्द मला कठीण वाटत होता. तो तिने आईच्या डिस्चार्जची औषधं, पथ्यं, फॉलोअप ऐकून नुसत्या माना डोलावणाऱ्या एका मुलीवर लगेच बसवला.

वाक्याच्या घडणीवर मात्र घाम गाळावा लागला. मराठीत राग येतो, भीती वाटते, दुःख होतं. भावना कर्ता असते आणि माणूस 'मला' होऊन बाजूला उभा असतो. इंग्रजीत माणूसच कर्ता, आणि येणे-वाटणे-होणे या तिघांचं काम बहुधा 'अ‍ॅम' किंवा 'फील' करतो. म्हणून तिच्या तोंडी 'फिअर इज कमिंग टू हिम' यायचं. त्यात वाटणे हे क्रियापद फसवं: 'मला भीती वाटते' आणि 'मला वाटतं उद्या सोडतील' ही दोन्ही आपण एकाच क्रियापदाने म्हणतो, इंग्रजीत दुसऱ्याला थिंक लागतं. नियम सांगून हे सुटलं नाही. रोजच्या व्हॉइस मेसेजमधली तिचीच वाक्यं घेऊन कर्ता बदलायचा सराव केला, पंधरा-पंधरा मिनिटं, कंटाळा येईपर्यंत. सोबतचं शब्दयोगी शेपूटही शब्दाबरोबरच पाठ केलं: वरीड अबाउट, अफ्रेड ऑफ, अँग्री विथ. उच्चारात अँक्शस आणि अँग्झायटी हे दोन एकाच मुळाचे असून वेगळे का वाजतात, यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. मे महिना होता. कूलरच्या घरघरीत रेकॉर्डिंगमधला तो फरक ऐकूच येईना, म्हणून कूलर बंद करून बसलो.

मधली अडचण

सहाव्या आठवड्यात मी शेजारच्या काकूंना पेशंट व्हायला बोलावलं. त्या निवृत्त शिक्षिका, इंग्रजी चांगलं. त्यांनी जेवण गार आलं म्हणून तक्रार सुरू केली आणि सिस्टर लगेच म्हणाली, 'यू आर व्हेरी अँग्री.' काकू भूमिका सोडून म्हणाल्या, "अहो सिस्टर, मी कुठे रागावले?"

नवा शब्द हाती आला की तो माणसाच्या अंगावर चिकटवायचा मोह होतो. दुसऱ्याच्या भावनेला नाव ठेवताना इंग्रजीत जरा अंतर राखतात: 'तुम्ही वैतागलेले वाटता', 'हे तुम्हाला काळजीचं वाटणं साहजिक आहे', आणि चूक असेल तर सांगा अशी जागा मोकळी ठेवतात. मराठीतही तोंडावर 'तुम्ही रागावलात' म्हटलं तर आरोपच वाटतो. हे तिला समजावावं लागलं नाही.

पण त्याच दिवशी तिने जे विचारलं त्याचं उत्तर मला सोपं गेलं नाही. "मॅडम, आमाले शिकवलं की पेशंटले धीर द्या. अन् तुम्ही म्हणता लगेच धीर देऊ नका?" आपल्या वॉर्डात सिस्टर आजींचा हात धरून 'काही होत नाही आजी, मी आहे ना इथं' म्हणते आणि आजींना खरंच बरं वाटतं. 'आजी' या एका हाकेत निम्मा धीर असतो. त्या रीतीला मी चूक म्हणणार नाही, आणि तसं मी तिला सांगितलं. परीक्षेत मात्र 'सगळं ठीक होईल' हे आधीच म्हटलं की पेशंट पुढे बोलत नाही, आणि त्याला नेमकं काय सलतंय हे कळण्याची वाट बंद होते. म्हणून आम्ही फक्त क्रम बदलला: आधी भावना ओळखून बोलायची, मग कशाची काळजी आहे ते विचारायचं, ऐकायचं, माहिती द्यायची आणि धीर सगळ्यात शेवटी. धीर काढून टाकला असता तर ती तीच राहिली नसती.

निकाल

दुसऱ्या प्रयत्नात बोलण्यात ३५० आले. बरोबर काठावर.

परीक्षेतल्या एका प्रसंगात तिने 'अपसेट' वापरल्याचं मला तिने सांगितलं. तोपर्यंत तो शब्द तिच्यासाठी पोट बिघडण्यापुरता होता. दुःख आहे की राग हे नक्की कळत नसेल तेव्हा अपसेट चालतो, कारण त्यात दोन्ही मावतात. हा घाईत वापरायचा शब्द म्हणून आम्ही मुद्दाम राखून ठेवला होता.

मला जास्त महत्त्वाचा वाटणारा बदल वॉर्डातला. पूर्वी ती नर्सिंग नोट्समध्ये 'पेशंट इन टेन्शन' लिहायची आणि ते कोणी वाचत नसे. जूनमध्ये तिने एकदा लिहिलं की पेशंट भुलीबद्दल अँक्शस आहे, शुद्धीवर येईन का असं दोनदा विचारलं. भूलतज्ज्ञ संध्याकाळी येऊन त्या माणसाशी दहा मिनिटं बोलून गेले. हे सांगताना तिचा आवाज परीक्षेच्या निकालापेक्षा मोठा होता.

पुन्हा करायचं झालं तर

पहिले अडीच आठवडे मी यादीत घालवले. नऊपैकी अडीच. पहिल्याच दिवशी इंग्रजी रेकॉर्ड करण्याऐवजी तिला वॉर्डातला एक प्रसंग मराठीत सांगायला लावला असता, तर काय आहे आणि काय नाही हे तासाभरात कळलं असतं. आता मी तेच करते.

'वाटता', 'दिसता' या मऊ वाक्यरचना मी शब्दांनंतर शिकवल्या. त्या शब्दांच्या आधी हव्यात. काकूंसमोर झालं ते खऱ्या पेशंटसमोरही झालं असतं. शेवटी शेवटी तर सिस्टर प्रत्येक वाक्याची सुरुवात 'इट साउंड्स लाइक'ने करू लागली होती. एकाच रचनेवर मी फार भर दिला, दोन-तीन आलटून पालटून द्यायला हव्या होत्या. काठावरच्या ३५० मध्ये याचा वाटा असावा असं मला वाटतं.

आणि लाज. मराठीत एकच लाज तीन कामं करते. बेडपॅन मागताना वाटते ती एम्बॅरस्ड. दारू सोडतो म्हणून सोडली नाही आणि त्यापायी पुन्हा भरती झाला, त्याची अशेम्ड. मुळात बुजरा स्वभाव, तो शाय. हे तिन्ही मी एकाच संध्याकाळी शिकवले, अंतर स्वच्छ समजावल्याच्या खुशीत, आणि वर लिहिलेली चूक पुन्हा केली. परीक्षेनंतरही सिस्टर तिन्ही जागी शायच म्हणत होती. सध्याच्या बॅचमध्ये एम्बॅरस्ड पहिल्या आठवड्यात येतो, बेडपॅन आणि ओढलेल्या पडद्याच्या प्रसंगासकट. अशेम्ड त्यानंतर महिन्याभराने. शाय मी शिकवत नाही, तो सगळ्यांना येतो.